हसऱ्या बाईचा रागीट चेहरा

देवरीत बांगड्यांचे दुकान चालवणाऱ्या यमुनाबाई रहांगडाले यांच्या चेहऱ्यावर गेल्या वर्षी दिवाळीनंतर, धानकापणीच्या दिवसांत, नागपूरच्या एका खासगी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. त्याआधी ती एकदा ऐन वेळी रद्द झाली होती. यमुनाबाईंचे वय तेव्हा साठीच्या पुढे होते. त्यांना आजार नव्हता, अपघात झाला नव्हता. चेहरा आपल्याबद्दल खोटे सांगतो, एवढीच त्यांची तक्रार होती.

तक्रार खरी होती. देवरीत वार्ताहर म्हणून काम करत असताना मी त्यांच्या दुकानामागच्या खोलीत भाड्याने राहत होतो. इतकी आनंदी बाई त्या गावात दुसरी नव्हती, आणि इतका रागीट चेहराही. वयाबरोबर गाल उतरले होते, ओठांचे कोपरे खाली ओढले गेले होते, भुवया डोळ्यांवर उतरून बसल्या होत्या. त्या नुसत्या बसल्या की कुणाशी तरी भांडून आल्यासारख्या वाटत. हसल्या तर भांडण पुन्हा सुरू होणार असे वाटे. शाळकरी मुली दुकानाच्या पायरीपर्यंत येत, आत डोकावत आणि भाव न विचारताच परत जात.

"अवं पोरीहो, या ना! मी खात नाही," त्या मागून हाक मारत. मुली पळतच सुटत.

दुकान बसस्थानकासमोर होते. नवरा वारल्यावर त्यांनी ते सुरू केले. धानाची शेती बटईने, अर्ध्या वाट्यावर, कसायला दिली आणि काचेच्या बांगड्या, टिकल्या, रिबिनी यांत स्वतःला गुंतवून घेतले. बांगडी भरण्यात त्यांचा हात असा होता की गिऱ्हाईक बाईचे लक्ष त्या बोलण्यात गुंतवत आणि बांगडी मनगटावर गेलेली तिला नंतर कळे. "हात ढिला सोड वं. नवऱ्याले चापट मारायची हाय असं समज, मारल्यावर कसा ढिला पडतो हात, तसा," हे त्यांचे ठरलेले वाक्य. कितीही कडक हाताची बाई यावर हसे आणि हात सैल पडे. घरातल्या आणि नात्यातल्या प्रत्येक नवरीचा चुडा त्यांनीच भरलेला होता. याचा त्यांना अभिमान होता आणि तो त्या लपवत नसत.

चेहऱ्यामुळे घडलेल्या प्रसंगांची त्यांच्याकडे रेलचेल होती. त्यांतले दोन मी इतरांकडूनही तपासून घेतले आहेत.

पहिला चिचगडचा. ओळखीच्या एका म्हाताऱ्याच्या तेरवीला त्या गेल्या होत्या. म्हाताऱ्याशी त्यांचे नाते एवढेच की तो दरवर्षी त्यांच्याकडून नातींसाठी बांगड्या नेई. त्या कोपऱ्यात बसल्या, तर गावाबाहेरून आलेले पाहुणे एकेक करून त्यांच्यापुढे हात जोडू लागले. एका बाईने त्यांना कुशीत घेऊन रडवले. खुद्द म्हाताऱ्याची बायको शेजारी पान लावत बसली होती, तिच्याकडे कुणाचे लक्ष नव्हते. शेवटी तीच म्हणाली, "यमुना, तूच बस वं माह्या जागी. तुले शोभते."

दुसरा आमगावकडच्या एका लग्नाचा. यमुनाबाई वरपक्षाकडून गेल्या होत्या. मांडवात खुर्ची मिळाली, सरबत मिळाले, त्या खूश होत्या. वधूपक्षाच्या बायकांनी मात्र लांबून पाहिले आणि वरपक्षाची कुणी मोठी मानाची बाई रुसली आहे असे ठरवले. कुजबुज झाली. मग पाच जणी मिळून आल्या, हळदकुंकू लावले, पाया पडल्या, "काही चुकलं असन तं पोटात घाला बाई," म्हणाल्या आणि ओटीत मोरपंखी साडी घातली. यमुनाबाईंनी साडी घेतली. का घेतली, असे मी विचारले तेव्हा त्यांनी उत्तर दिले, "नाही म्हटलं असतं तं त्याहिले वाटलं असतं, लयच रुसली. आणखी एक आनली असती."

ती मोरपंखी साडी त्या आवडीने नेसत. पण त्या लग्नाच्या फोटोंचा अल्बम घरी आला तेव्हा त्यांनी एकेक पान उलटून पाहिले आणि संपल्यावर पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली.

"मी त्या दिवशी किती हासून राहिली होती," त्या सुनेला म्हणाल्या. "अन् एकाही फोटोत दिसत नाही. नातू मोठा होईन, हे पाहीन, त म्हनन आजी भांडखोर होती."

सून सरिता गोंदियाच्या व्यापारी घरातली. बोलण्यात अर्धी हिंदी. तिने मोबाइलवर शोधले आणि चेहऱ्याची कातडी वर ओढून बसवण्याची शस्त्रक्रिया नागपुरात होते असे सांगितले. तिला वाटले होते, सासूबाई हसण्यावारी नेतील. यमुनाबाईंनी दुसऱ्याच दिवशी विचारले, "जाऊन कवा राहिलो आपन?"

नागपूरच्या डॉक्टर तरुण होत्या, मूळच्या पुण्याकडच्या. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले की या शस्त्रक्रियेने कुणी तरुण होत नाही.

"मले तरुन नाही व्हायचं डॉक्टरबाई," यमुनाबाई म्हणाल्या. "मी आतून जशी हावो, तशी बाहेरून दिसली म्हंजे झालं."

डॉक्टरांचा दुसरा प्रश्न धूम्रपानाचा होता. यमुनाबाईंनी कमरेची चंची काढून टेबलावर ठेवली. बिडीचा कट्टा, काडेपेटी. त्यांच्या आईने आयुष्यभर घरी बिड्या वळल्या होत्या. तेंदूच्या पानाचा वास त्यांना आईचा वास वाटे. चुलीवरून बापाला बिडी पेटवून देता देता त्या स्वतः ओढायला लागल्या, आणि त्या भागातल्या त्यांच्या वयाच्या बायकांत त्याचे कुणाला काही वाटत नसे.

डॉक्टरांनी कट्टा बाजूला सारला आणि समजावले. चेहरा वर ओढायचा तर कानापुढची आणि कानामागची कातडी खालच्या थरापासून सोडवावी लागते. सोडवलेली कातडी काही दिवस अगदी बारीक रक्तवाहिन्यांवर जगते. तंबाखूतल्या निकोटीनने त्या वाहिन्या आवळतात, धुराने रक्तातला प्राणवायू कमी होतो. मग कातडी काळी पडू शकते, मरू शकते. जखम उघडते, व्रण जाड राहतो. भूल देतानाही ओढणाऱ्याच्या छातीचा त्रास वेगळा. म्हणून निदान महिनाभर आधी आणि महिनाभर नंतर तंबाखू पूर्ण बंद. दुसऱ्याच्या बिडीचा धूरही नको. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी लघवी तपासली जाईल. तंबाखू सापडला तर शस्त्रक्रिया होणार नाही.

सरिता घाबरली. यमुनाबाई विचार करत होत्या.

"म्हंजे रोवना हाय हा," त्या धानाच्या लावणीबद्दल म्हणाल्या. "रोपांचा पऱ्हा उपटून चिखलाच्या बांधीत लावला, अन् मुळी धरायच्या आधी पानी तोडलं, तं पिवळा पडून मरते. असंच ना?"

"तसंच," डॉक्टर म्हणाल्या.

"मंग बिडी गेली."

कट्टा त्यांनी परत घेतला नाही. काडेपेटी मात्र देवापुढे दिवा लावायला लागते म्हणून उचलली.

बिडी सोडण्याचे ते दिवस बसस्थानकावरच्या लोकांना अजून आठवतात. यमुनाबाईंचे बिडीचे स्थळ म्हणजे दुकानाची पायरी आणि सोबतीण म्हणजे चिचगडच्या पूर्णाबाई. पूर्णाबाई बाजाराच्या दिवशी चारोळी आणि मोहफूल घेऊन येत. माल विकला की दोघी पायरीवर बसून एकाच काडीवर दोन बिड्या पेटवत. आता धूरही नको म्हटल्यावर पूर्णाबाईंना रस्त्याच्या पलीकडे बसवण्यात आले. बिडी सोडायला त्या तयार नव्हत्या, आणि गप्पा सोडायला दोघीही तयार नव्हत्या. त्यामुळे आजवर कानात चाललेले बोलणे आता रस्ता ओलांडून होऊ लागले.

"यमुना! तुह्या बहिनीचा रुसून गेलेला जावई आला का वं घरी?"

"आला वं! उपाशी आला! तिकडं कोनी पानी नाही विचारलं त्याले!"

"मंग पोरीनं घेतला का घरात?"

"आंगनात बसवला! म्हने आधी गोठा झाड!"

मध्ये ट्रक आला की दोघी थांबत आणि तो गेला की सोडलेल्या शब्दापासून पुढे सुरू करत. एकदा एसटीचा वाहक दारात उभा राहून ऐकत होता. गाडी भरली होती, वेळ झाली होती. तो घंटी मारेना. शेवटी त्यानेच विचारले, "बाई, गोठा झाडला का नाही त्यानं, तेवढं सांगा. गाडी न्यायची हाय मले." झाडला, असे कळल्यावर गाडी हलली.

तलफ आली की यमुनाबाईंचे हात काडेपेटीकडे जात. त्यावर त्यांनी उपाय शोधला होता. रस्त्याने जाणाऱ्या कुठल्याही बाईला आत ओढायचे आणि तिच्या हातात बांगड्या भरायच्या. घ्यायच्या असोत वा नसोत. बाई घेणार नसेल तर पुन्हा उतरवायच्या. "बस वं दोन मिनिटं, मले लय तलफ सुटून राहिली," एवढेच कारण त्या देत. बाजाराला निघालेल्या बायका पिशव्या सांभाळत हात पुढे करून बसत. त्या महिन्यात त्यांनी बिडी ओढली नाही. हे मी स्वतः पाहिले आहे, आणि पूर्णाबाईंनी रस्त्यापलीकडून पहारा केला आहे.

पोळा झाल्यावर त्या सरिताबरोबर नागपूरला गेल्या. आदल्या दिवशी तपासणी झाली. लघवीत निकोटीन निघाले, थोडेथोडके नव्हे.

डॉक्टरांनी आवाज न चढवता विचारले, "काकू, बिडी?"

"नाही."

"सिगारेट? खर्रा? तपकीर? मशेरी? नुसता तंबाखू?"

"नाही, नाही, नाही. तपकिरीनं तं मले शिंका येतात."

"मग हे आलं कुठून?"

"तुमच्या मशीनले विचारा."

शस्त्रक्रिया रद्द झाली. परतीच्या बसमध्ये काय झाले ते मला सरिताने सांगितले. साकोली मागे पडली. नंतर सरिता म्हणाली, "आई, सच सांगा. मी कोणाला नाही सांगणार. एखादी ओढली असेल तर चलता है."

यमुनाबाई खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, "तुह्यासाठी चलते. माह्यासाठी नाही चलत. मी खोटं बोलत नाही, हे एकच तं होतं माह्याजवळ. चेहरा तं पहिलेच खोटा."

देवरीला उतरल्यावर त्या सरळ घरात गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडले नाही. मी नळावर गेलो तेव्हा त्या मागच्या अंगणात ओट्यावर बसल्या होत्या. सरिता कपडे वाळत घालत होती. यमुनाबाई रोजच्यासारखे दात घासत होत्या, आणि घासता घासता सुनेला सुनावत होत्या. तोंडात बोट असल्याने शब्द नीट निघत नव्हते.

"साऱ्या गावासमोर... एवढ्या बाया... बांगड्या भरल्या... अन् घरची सून म्हनते एखादी ओढली असेन..."

बोट पुन्हा डबीत गेले, काळसर लगदा घेऊन पुन्हा हिरड्यांवर फिरू लागले. सरिता हातात ओले लुगडे घेऊन उभी राहिली.

"आई, हे काय आहे?"

"काय म्हंजे? दात घासून राहिली."

"कशाने?"

"कशानं घासतात? गुडाखूनं."

देवरी, चिचगड आणि सीमेपलीकडे छत्तीसगडात गुडाखू घरोघर असतो. गुळाच्या पाकात मुरवलेला तंबाखूचा लगदा, गोल डबीत मिळतो. बायका सकाळी उठल्यावर लावतात, जेवल्यावर लावतात, काम संपले की लावतात. तरीही तिथे त्याला कुणी व्यसन म्हणत नाही. तंबाखू खातात, बिडी ओढतात, गुडाखूने दात घासतात. सरिता लग्न होऊन आल्यापासून ही डबी रोज पाहत होती. गेल्या महिन्यात बिडी नसल्यामुळे ती दुप्पट वेगाने रिकामी होत होती, हेही तिने पाहिले होते, आणि सासूबाई दातांची काळजी घेऊ लागल्या असे तिला वाटले होते.

सरिताने डबी उचलली. झाकणावर मोठी लाल टिकली चिकटवलेली होती.

"ही टिकली कशाला?"

"खाली घान चित्र हाय. सकाऊनच्या पारी कोन पाहीन ते? मी हरेक डबीले लावतो."

सरिताने नखाने टिकली काढली. खाली सडलेल्या तोंडाचा फोटो होता आणि तंबाखूबद्दलचा सरकारी इशारा. तिने तो मोठ्याने वाचला. मग म्हणाली, "अरे बाप रे आई, ये तो तंबाखू ही है!"

यमुनाबाईंचे बोट तोंडातच राहिले. मग त्यांनी चूळ भरली, दूर थुंकली, आणि हसायला लागल्या. इतक्या हसल्या की ओट्यावरून खाली सरकल्या. सरिताही हसायला लागली. शेजारच्या घरातून कुणीतरी ओरडले, "काऊन भांडून राहिल्या वं सकाळी सकाळी?"

"हासून राहिलो!" यमुनाबाई ओरडल्या. मग सुनेकडे वळल्या आणि आवाज उतरला. "म्हंजे मी खोटं नव्हती बोलली ना?"

"नाही आई. मी माफी मागते."

"माफी राहू दे. ते फोन लाव डॉक्टरबाईले. मशीनले काही बोलू नका म्हना, बिचारीची चूक नाही."

डॉक्टरांनी गुडाखू हा शब्द पहिल्यांदाच ऐकला. त्यांनी तो दोनदा उच्चारून घेतला. पूर्वेकडून आलेल्या रुग्णांना त्या आता "दात कशाने घासता?" असेही विचारतात, असे सरिता सांगते. नवी तारीख दिवाळीनंतरची ठरली.

गुडाखू सोडणे बिडीपेक्षा जड गेले. त्याशिवाय पोट साफ होत नाही, अशी यमुनाबाईंची पक्की समजूत होती आणि पोटानेही ती खरी करून दाखवली. डोके दुखले. कडुनिंबाच्या काडीने दात घासताना त्या काडीला शिव्या देत. लवंग चघळत. बांगड्या भरून घ्यायला बायका आता स्वतःहून येत आणि विचारत, "आज किती सुटून राहिली बाई?" त्यावर तोंडभर खरी खबर मिळे. पूर्णाबाईंनी मैत्रिणीसाठी एक त्याग केला. रस्त्यापलीकडे बसूनही त्या गुडाखूची डबी पदराखाली लपवून उघडत.

दुसऱ्या वेळी तपासणीत काही निघाले नाही. शस्त्रक्रिया झाली. यमुनाबाई घरी आल्या तेव्हा मी भेटायला गेलो. डोक्याभोवती पट्टी होती. गाल सुजलेले, डोळ्यांखाली जांभळे.

"पाहा भाऊ," त्या ओठ फारसे न हलवता म्हणाल्या. "आतापर्यंत भांडून आल्यासारखी दिसत होती. आता मार खाऊन आल्यासारखी दिसून राहिली."

त्यांना हसायला मनाई होती. ती त्यांनी पाळली नाही, पण तोंडावर हात धरून पाळल्यासारखे केले. रोज पट्टी बदलताना त्यांचा एकच प्रश्न असे, "कानामागं काळं पडलं का वं?" सरिता कंदिलासारखा मोबाइल धरून पाहायची. काळे पडले नाही. टाके निघाले, सूज उतरली, जांभळे पिवळे झाले आणि गेले. चेहरा साठीच्या बाईचाच राहिला. सुरकुत्या बऱ्याचशा होत्या तिथेच होत्या. फक्त ओठांचे कोपरे आता खाली जात नव्हते आणि डोळे उघडे दिसत होते. त्या दुकानात नुसत्या बसल्या तरी आताच कुणीतरी गमतीचे काही सांगून गेल्यासारखे वाटे.

महिना संपला. बिडी त्यांनी पुन्हा सुरू केलेली नाही. मुली दुकानात येतात, बसतात, सगळ्या टिकल्या लावून पाहतात आणि काही न घेता जातात. यमुनाबाईंची हल्लीची तक्रार ही आहे. पूर्णाबाई बाजाराच्या दिवशी अजून रस्त्यापलीकडेच बसतात.

त्यानंतर माझी बदली गोंदियाला झाली. यंदाच्या उन्हाळ्यात सरिताच्या भावाचे लग्न तिथेच होते, मलाही बोलावणे होते. यमुनाबाई मोरपंखी साडी नेसून आल्या होत्या. सोबत नवरीच्या चुड्याची पेटी होती. हिरव्या बांगड्या त्यांनी स्वतः निवडल्या होत्या. त्या पोहोचल्या तेव्हा नवरीचे हात भरून झाले होते. पार्लरवाली सकाळीच येऊन गेली होती.

यमुनाबाई पेटी मांडीवर घेऊन मांडवात पहिल्या रांगेत बसल्या. त्या कुणाशी बोलेनात. सरबत आले, त्यांनी ते परत पाठवले.

"क्या बात है मावशी, बहुत खूश!" नवरीचा मामा जाता जाता म्हणाला.

फोटोग्राफर त्यांच्यासमोर थांबला. "मावशीजी, बस ऐसे ही. बढिया स्माइल है." त्याने तीन फोटो काढले.

दोन विहिणी येऊन त्यांच्या शेजारी बसल्या आणि इतक्या आनंदी बाईजवळ बसायला बरे वाटते असे एकमेकींना म्हणाल्या. यमुनाबाईंनी सरिताला खुणेने बोलावले.

"मी रुसली हावो," त्या म्हणाल्या.

"काय?"

"रुसली हावो मी. मघापासून. कोनालेच दिसून नाही राहिलं का?"

सरिताने त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिले आणि तिला हसू आवरेना. तिने विहिणींना सांगितले, विहिणींनी मामाला सांगितले, रांगभर हशा पिकला. यमुनाबाई आणखी चिडल्या. ते पाहून लोक आणखी हसले. मग त्यांनाही हसू फुटले. त्यांनी पेटी उघडली आणि जवळ बसलेल्या मामीचा हात ओढून घेतला. "हात ढिला सोड वं," त्या म्हणाल्या.

पंगती उठेपर्यंत त्यांनी पेटीतल्या सगळ्या बांगड्या वऱ्हाडातल्या बायकांच्या हातांत भरल्या. त्या लग्नात त्यांना साडी मिळाली नाही.